ज्या औषधाला मनाई होती: हार्ट फेल्युअरच्या उपचारांची अडीचशे वर्षं

आजच्या विषयाचं नाव आम्ही मुद्दाम इंग्रजीत ठेवलं आहे, त्याचं कारण आधी सांगतो. आपल्याकडे 'त्यांचं हार्ट फेल झालं' असं कोणी म्हणालं की ऐकणारा लगेच विचारतो, 'अरेरे, कधी? आणायचे किती वाजता आहेत?' मराठी बोलण्यात हार्ट फेल म्हणजे माणूस गेला. वैद्यकातलं हार्ट फेल्युअर मात्र असं एका क्षणात घडत नाही. त्यात हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी झालेली असते. माणूस त्या अवस्थेत महिनोन्महिने, वर्षानुवर्षं जगतो. जिना चढताना धाप लागते, रात्री आडवं झालं की गुदमरायला होतं म्हणून एका उशीच्या दोन आणि दोनाच्या तीन होतात, संध्याकाळी घोट्यांवर सूज येऊन चपलेचा पट्टा रुततो. 'हृदय निकामी होणे' हा आपला मराठी शब्दही फसवाच आहे. निकामी झालेली वस्तू आपण भंगारात देतो. आजची गोष्ट तर निकामी ठरवलेलं हृदय पुन्हा कामाला लागू शकतं, हे वैद्यकाला उशिरा कसं कळलं याचीच आहे.

एक स्पष्ट करतो, आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत, डॉक्टर नव्हे. इथे जी औषधांची नावं येतील ती इतिहासातली पात्रं म्हणून येतील. व्याख्यान ऐकून घरी जाऊन कोणाची गोळी बदलू नका.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. कारण जुन्या काळी हा हृदयाचा आजार मानलाच जात नव्हता, तो पाण्याचा आजार होता. दिसायचं ते पाणीच. पाय सुजलेले, पोट फुगलेलं, दाबलं की खड्डा पडणारी कातडी. चरकसंहितेत सुजेवर, म्हणजे श्वयथूवर, आणि उदररोगांवर वेगळे अध्याय आहेत. इंग्रजीत या सगळ्याला ड्रॉप्सी म्हणत. पाण्याचं मूळ कधी यकृतात, कधी मूत्रपिंडात, कधी हृदयात असायचं, पण बाहेरून हे ओळखायचं कसं? तेव्हा उपचारही पाण्यावरच. जुलाब द्या, रक्त काढा, टोचून पाणी वाहू द्या. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या डॉ. साउदी यांनी बारीक नळ्या काढल्या. त्या सुजलेल्या पायात खुपसून ठेवायच्या आणि पाणी थेंब थेंब भांड्यात पडू द्यायचं. आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण श्वास कोंडलेल्या माणसाला तेवढ्यानेही बरं वाटायचं.

या अंधारात एक उजेड पडला होता तो १७७५ साली. इंग्लंडमधले डॉ. विल्यम विदरिंग यांना एका घरगुती काढ्याबद्दल मत विचारण्यात आलं. श्रॉपशरमधली एक म्हातारी बाई हा काढा देते, डॉक्टरांनी हात टेकलेले ड्रॉप्सीचे रोगी त्याने बरे होतात, असं सांगितलं गेलं. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग वनस्पतिशास्त्राचे पक्के जाणकार, त्यांनी ओळखलं की गुण आहे तो फॉक्सग्लव्हमध्ये, म्हणजे डिजिटॅलिसमध्ये. त्या बाईचं नाव त्यांनी नोंदवलं नाही. पुढे विसाव्या शतकात एका औषध कंपनीच्या जाहिरातीतून तिला 'मदर हटन' हे नाव चिकटलं, आणि अनेकांनी ते खरं धरून लिहिलं. आपल्याकडे आजीबाईच्या बटव्याबद्दल अभिमानाने बोलतात, पण बटवा जिचा होता तिचं नाव कुणी लिहून ठेवत नाही. तिकडेही तसंच.

विदरिंगनी पुढची दहा वर्षं रुग्ण तपासले, पानं कधी तोडायची, किती द्यायची, कधी थांबायचं हे ठरवलं, आणि १७८५ साली पुस्तक काढलं. त्यात दीडशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी आहेत. बऱ्या झालेल्यांच्या आहेत तशाच न झालेल्यांच्याही. जास्त डोस झाला तर ओकाऱ्या होतात, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसतात, नाडी मंदावते, हेही लिहून ठेवलं आहे. या औषधाचा हृदयाच्या गतीवर विलक्षण प्रभाव पडतो, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. तरी ते स्वतः त्याला लघवी वाढवणारं औषधच समजत राहिले. समोर पाणी उतरताना दिसत होतं ना.

पाण्याचा हा धागा १९१९ मध्ये व्हिएन्नात पुन्हा सापडतो. आल्फ्रेड फोग्ल नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी सिफिलिसच्या एका तरुण मुलीला पाऱ्याचं नवं इंजेक्शन देत होता. वॉर्डातल्या परिचारिका तिच्या लघवीचं मोजमाप रोजच्या रोज काटेकोर लिहून ठेवत होत्या. त्या तक्त्यावर इंजेक्शनच्या दिवशी आकडा एकदम उंच चढलेला दिसला. मग हृदयरोगाने सुजलेल्या एका रुग्णाला तेच औषध देऊन पाहिलं तर लिटरच्या लिटर पाणी उतरलं. पुढची तीसेक वर्षं पाऱ्याची इंजेक्शनं चालली. १९५० च्या दशकाच्या शेवटी थायझाइड आलं, १९६० च्या दशकात फ्युरोसेमाइड, ज्याला आपण सरसकट 'लघवीची गोळी' म्हणतो. साउदींच्या नळ्या संग्रहालयात गेल्या.

आता मधल्या काळात हृदयाबद्दलचं चित्र बदललं होतं. हृदयात नळी घालून दाब मोजता येऊ लागला, दर मिनिटाला किती रक्त बाहेर पडतं ते काढता येऊ लागलं, आणि हृदय म्हणजे पंप ही कल्पना डॉक्टरांच्या डोक्यात घट्ट बसली. पंप कमजोर झाला आहे, तर त्याचा जोर वाढवा. सरळ हिशेब. पाण्याच्या हिशेबापेक्षा हा कितीतरी शास्त्रीय होता, यात वाद नाही.

याच हिशेबातून एक मनाई जन्माला आली. आयसीआय कंपनीत काम करणारे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात बीटा ब्लॉकर हा औषधांचा नवा वर्ग तयार केला. प्रोप्रानोलॉल हे त्यातलं गाजलेलं नाव. १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं हृदयाला जोरात धावायला लावतात, ही औषधं त्यांचा रस्ता अडवतात. छातीत कळ येणाऱ्यांना, बीपीवाल्यांना मोठा फायदा झाला. पण कमजोर हृदयाचं काय? ते तर त्या ॲड्रिनलिनच्याच आधाराने कसंबसं चालतंय, आधार काढला तर कोसळेल. काही रुग्ण खरोखरच कोसळले. तेव्हा पुस्तकांत लिहिलं गेलं: हार्ट फेल्युअर असेल तर बीटा ब्लॉकर वर्ज्य. १९७० किंवा ८० च्या दशकात एमबीबीएस झालेल्या कोणालाही विचारा. तोंडी परीक्षेत याच्या उलट उत्तर दिलं असतं तर परीक्षकाने पुढचा प्रश्न विचारला नसता.

आणि १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या मंडळींनी नेमकं तेच केलं. फिन वागस्टीन आणि त्यांचे सहकारी. ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यांचा छोटासा निबंध आला. (याच नियतकालिकात १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने बीपी कसं उतरतं ते जगाला दाखवलं होतं, आमच्या श्रोत्यांसाठी एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही.) गोथेनबर्गचे रुग्ण होते फक्त सात. हृदयाचा स्नायूच बिघडलेला, हृदय मोठं होऊन सैल पडलेलं, बसल्या जागी नाडी जलद. नेहमीची औषधं चालूच होती. त्यांवर बीटा ब्लॉकर दोन ते बारा महिने दिलं. रुग्णांची काम करण्याची ताकद वाढली, हृदयाचा आकार कमी झाला, आकुंचन सुधारलं. औषधाने जे मंदावायला हवं होतं, तेच काही महिन्यांनी जोमदार झालं!

काय प्रतिसाद आला असेल? जवळजवळ काहीच नाही. स्वीडिश गट मात्र चिकटून राहिला. १९७९ मध्ये कार्ल स्वेडबर्ग आणि मंडळींनी लॅन्सेटमध्ये लिहिलं की या उपचाराने रुग्ण जास्त जगताना दिसतात. पण तुलना केली होती ती आधीच्या काळातल्या रुग्णांशी, म्हणून आक्षेप आले. मग १९८० मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि आम्हाला ती सगळ्यात बोलकी वाटते. सुधारलेल्या रुग्णांचं बीटा ब्लॉकर थांबवून पाहिलं, तर हृदयाचं काम पुन्हा ढासळलं. परत सुरू केलं, तर पुन्हा सावरलं. मघाशी गोळी बदलू नका म्हणालो, ते उगाच नाही. त्याच सुमारास दुसऱ्या एका गटाने महिनाभर बीटा ब्लॉकर देऊन पाहिलं आणि काही उपयोग नाही असं छापलं. महिनाभर! या औषधाचा गुण दिसायला तीन-चार महिने लागतात, पहिल्या आठवड्यांत तर रुग्णाला उलट जास्त थकवा वाटू शकतो. पेरणीच्या पंधरवड्यानंतर कणीस मोजायला जावं, तसं ते झालं.

आम्हाला इथे थांबून एक न्यायाची गोष्ट करायची आहे. हा इतिहास सांगताना 'दूरदृष्टीचे स्वीडिश आणि झापडबंद बाकीचे' अशी कथा रंगवण्याचा मोह होतो. आम्हाला ती पटत नाही. सात रुग्ण, तुलनेला कोणी नाही, आणि धोका जिवाचा. १९७५ मध्ये उत्साहाच्या भरात सगळ्यांनी बीपीच्या डोसात ही औषधं द्यायला सुरुवात केली असती, तर पुष्कळ माणसं मेली असती. स्वीडिश मंडळी अगदी थोड्या डोसाने सुरुवात करून हळूहळू चढत होती, तेच तर मर्म होतं. शंका घेणं चूक नव्हतं. शंका घेतली आणि तपासलं नाही, हे चुकलं. मोठी, चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली चाचणी घ्यायला कोणी पुढे आलं नाही. आणि याच वर्षांत हृदयाचा जोर वाढवणाऱ्या औषधांवर मात्र पैसा आणि आशा भरभरून ओतली जात होती, कारण ती पंपाच्या हिशेबात बसत होती.

दरम्यान त्या हिशेबालाच तडे जात होते. १९८२ मध्ये अमेरिकेत मायकेल ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेली, थकलेली मानवी हृदयं तपासली. त्यांच्यावरचे बीटा रिसेप्टर, म्हणजे ॲड्रिनलिन जिथे जाऊन बसतं त्या जागा, खूप कमी झालेल्या सापडल्या. सततच्या हाकांनी कान बधिर व्हावेत तसं हृदयाने स्वतःच दारं लावून घेतली होती. १९८४ मध्ये जे कोन यांच्या गटाने दाखवलं की रक्तात नॉरॲड्रिनलिन जितकं जास्त, तितका रुग्ण लवकर जातो. ज्याला आधार समजत होते तोच घातकी निघत होता. घाट चढताना दमलेल्या बैलाला पराणी टोचली तर तो चार पावलं झपाट्याने टाकतो खरा, पण माथ्यावर पोहोचेलच असं नाही. शरीर रक्तस्राव झाल्यासारखं घाबरून नाडी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं, मीठ-पाणी साठवतं. जखमेच्या दोन तासांत हे जीव वाचवतं. वर्षानुवर्षं चाललं तर हृदयाचा स्नायू झिजवतं.

या नव्या चित्राची पहिली मोठी परीक्षा दुसऱ्याच औषधाने दिली. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषाच्या अभ्यासातून एसीई इनहिबिटर नावाचा वर्ग निघाला होता. शरीराची ती मीठ-पाणी साठवणारी, वाहिन्या आवळणारी साखळी ही औषधं तोडतात. १९८७ मध्ये स्कँडिनेव्हियात कन्सेन्सस नावाची चाचणी झाली. २५३ अत्यवस्थ रुग्ण, अर्ध्यांना एनालाप्रिल, अर्ध्यांना खोटी गोळी. सहा महिन्यांत खोट्या गोळीवाल्यांपैकी ४४ टक्के गेले, एनालाप्रिलवाल्यांपैकी २६ टक्के. हार्ट फेल्युअरमध्ये मरण पुढे ढकलता येतं, हे इतक्या स्पष्टपणे पूर्वी दिसलं नव्हतं. या चाचणीतही तेच कार्ल स्वेडबर्ग आघाडीवर होते.

आणि मग १९९१. मिलरिनोन नावाचं, हृदयाचा जोर वाढवणारं औषध. शिरेतून दिलं की दाबांचे आकडे सुधारायचे, रुग्णाला तरतरी यायची. तेच गोळीच्या रूपात १०८८ रुग्णांवर तपासलं गेलं. चाचणीचं नाव होतं प्रॉमिस. ती मुदतीआधी थांबवावी लागली. मिलरिनोन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के मेले, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २४ टक्के. सर्वांत जास्त आजारी असलेल्यांना सर्वांत जास्त अपाय झाला. पंपाचा आकडा सुधारत होता आणि माणूस मरत होता. असं व्हायला नको होतं, पुस्तकांप्रमाणे तर नाहीच नाही.

यानंतर वारं फिरलं, तरीही बीटा ब्लॉकरचं काम सोपं नव्हतं. १९९३ मधल्या ३८३ रुग्णांच्या चाचणीत मेटोप्रोलॉलचा फायदा दिसला, पण तो प्रत्यारोपणाच्या यादीत नाव जाणाऱ्यांची संख्या कमी होण्यात, मृत्यू कमी होण्यात नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत कार्व्हेडिलॉलच्या अभ्यासात मृत्यूंचं प्रमाण ७.८ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आलं. तरी काहींना शंका होतीच, आणि ती अगदीच अस्थानी नव्हती. निकाल लागला तो १९९९ मध्ये. बायसोप्रोलॉलची सिबिस-२ ही २६४७ रुग्णांची चाचणी, आणि मेटोप्रोलॉलची मेरिट-एचएफ ही ३९९१ रुग्णांची. दोन्ही वेळेआधी थांबवल्या, पण या वेळी उलट कारणाने. फायदा इतका स्पष्ट होता की कोणाला खोटी गोळी देत राहणं योग्य राहिलं नव्हतं. दोन्हींत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी.

१९७५ ते १९९९. चोवीस वर्षं. या काळात किती माणसं गेली असतील, ज्यांच्या घरी बीपीसाठी कुणाकडे ही स्वस्त गोळी डबीत पडलेलीही असेल? असा हिशेब कोणी मांडू शकत नाही.

इथून पुढचं थोडक्यात. १९९९ मध्येच रेल्स चाचणीत स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या, साध्या गोळीने मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. २०१५ मध्ये सॅक्युबिट्रिल-वालसार्टन हे जोड औषध आलं. चौथं औषध मात्र अनपेक्षित दारातून आलं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळं केलेलं फ्लोरिझिन लघवीतून साखर बाहेर टाकतं, त्या धाग्यावरून मधुमेहाच्या नव्या गोळ्या तयार झाल्या. मधुमेहाच्या एका जुन्या औषधावरून वाद झाल्यावर अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये नियम केला: शुगरचं नवं औषध हृदयाला अपाय करत नाही हे दाखवा. म्हणजे चाचणी घेतली होती अपाय शोधण्यासाठी. २०१५ मध्ये निकाल आला, ७०२० मधुमेही रुग्णांपैकी एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांचं हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं ३५ टक्क्यांनी कमी! २०१९ च्या डॅपा-एचएफ चाचणीतल्या ४७४४ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना मधुमेह नव्हताच, तरी फायदा झाला. म्हणून आज एखाद्याच्या हातात चिठ्ठी पडते आणि औषधवाला विचारतो, 'शुगर आहे का तुम्हाला?', तर गोंधळून जाऊ नये.

आणखी एका गोंधळाबद्दल. टूडी एकोच्या रिपोर्टात ईएफ २५ टक्के दिसलं की घरात रडारड होते, 'हृदय पंचवीस टक्केच चालतंय'. ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर पडलं. निरोगी माणसाचंही ते १०० नसतं, ५५ ते ७० च्या आसपास असतं. आणि मुख्य म्हणजे तो आकडा दगडावरची रेघ नाही. गोथेनबर्गच्या सात जणांनी तेच तर दाखवलं होतं.

आपल्याकडचं काय, असा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे. भारताच्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदवहीत ५३ रुग्णालयांतले दहा हजारांहून अधिक रुग्ण आहेत. सरासरी वय साठच्या आसपास, पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा बरंच कमी. दाखल झाल्यापासून नव्वद दिवसांत सुमारे १४ टक्के रुग्ण दगावले. आणि ज्या औषधांची गोष्ट आपण तासभर ऐकतो आहोत, ती शिफारशीप्रमाणे निम्म्याहून कमी रुग्णांना मिळत होती. इथे कारण किंमतीचं आहे असं पूर्ण म्हणता येत नाही. बीटा ब्लॉकर, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांची पेटंटं कधीच संपली आहेत, डॅपाग्लिफ्लोझिनचंही २०२० मध्ये संपलं आणि भाव कोसळले. २०२२ ची स्ट्राँग-एचएफ चाचणी काय सांगते पाहा. नवीन औषध एकही नाही. जुनीच औषधं, पण घरी सोडल्यानंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोसापर्यंत नेली आणि रुग्णाला वारंवार बोलावून तपासलं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं २३.३ टक्क्यांवरून १५.२ टक्क्यांवर आलं. वारंवार बोलावून तपासणं! तालुक्याच्या गावातून धाप लागणारा माणूस एसटीने जिल्ह्याला दर आठवड्याला कसा जाणार, हा प्रश्न औषधाच्या दुकानात सुटणारा नाही.

शेवटची चिठ्ठी: 'त्या आजीबाईच्या डिजिटॅलिसचं पुढे काय झालं?' छान विचारलंत. १९९७ मध्ये डिजॉक्सिन ६८०० रुग्णांवर तपासलं. दाखल होणं कमी झालं, मृत्यूंत फरक शून्य. दोनशे वर्षांच्या औषधाची किंमत एकदम उतरली, नव्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून ते हळूहळू गेलं. आणि २०२५ मध्ये जर्मन संशोधकांनी त्याच वनस्पतीतलं दुसरं द्रव्य, डिजिटॉक्सिन, १२०० हून अधिक रुग्णांवर तपासलं. हे रुग्ण आधीच आजची बहुतेक औषधं घेत होते. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं, दोन्ही मिळून १८ टक्क्यांनी कमी निघालं. डोस थोडा ठेवला होता आणि रक्तातलं प्रमाण मोजून तो ठरवला होता. विदरिंग ओकारी आणि नाडी पाहून ठरवत असत.

वेळ संपली आहे. उरलेल्या चिठ्ठ्या आम्ही बरोबर नेतो, उत्तरं पुढच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला देऊ.